सूर्याचा वृद्धापकाळ

माघ शुद्ध सप्तमीस, म्हणजे रथसप्तमीस, आमच्या घरीं अंगणांत गोवऱ्या पेटवून बोळक्यांत दूध उतूं घालण्याचा परिपाठ आहे. यंदाही तो यथासांग झाला. सूनबाईंनीं रांगोळीनें सूर्याचा रथ काढला, दूध उतूं गेलें, आणि उरलेलें दूध प्रसाद म्हणून वांटीत असतां आमच्या अकरा वर्षांच्या नातीनें मध्येंच विचारलें, "आजोबा, आमच्या बाई म्हणाल्या कीं सूर्यसुद्धां एक दिवस मरणार आहे. मग त्या दिवशीं दूध कोणाला दाखवायचें?"

सणाच्या दिवशीं मरणाची गोष्ट काढल्याबद्दल तिच्या आजीनें तिच्याकडे डोळे वटारून पाहिलें. आमचे धाकटे बंधु मात्र हातांतलें वर्तमानपत्र बाजूस सारून म्हणाले, "मरणार म्हणजे काय, फुटणार! मोठा स्फोट होईल आणि सारें भस्म होऊन जाईल. आपल्या पुराणांत हें सांगूनच ठेवलें आहे, दादा. प्रलयकाळीं बारा सूर्य तपतात म्हणून."

मीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. पदार्थविज्ञानांत माझी मजल मॅट्रिकपलीकडे गेलेली नाहीं. तथापि बंधूंचीं दोन्ही विधानें मला संशयास्पद वाटलीं, आणि मुलीचा प्रश्न तसाच लोंबकळत ठेवणें बरें दिसेना. पुढील कांहीं आठवडे ग्रंथालयांतून पुस्तकें आणून जें वाचलें तें येथें मांडीत आहें. एक गोष्ट आरंभींच सांगून टाकतों. सूर्याचा स्फोट होणार नाहीं. दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. आपली पृथ्वी सूर्याच्या मरणानें उजाड व्हावयाची नसून त्याच्या भरभराटीनें व्हावयाची आहे, आणि तीही त्याच्या मरणाच्या कितीतरी आधीं.

सूर्य जळतो असें आपण म्हणतों. परंतु लांकूड जळतें त्या अर्थानें तो जळत नाहीं. तो नुसता कोळशाचा गोळा असता तर कांहीं हजार वर्षांतच त्याची राख झाली असती. त्याच्या केंद्रभागीं सुमारें दीड कोटी अंश उष्णतामान आहे, आणि तेथें हायड्रोजनच्या चार अणुगर्भांचा मिळून हेलियमचा एक अणुगर्भ बनतो. दर सेकंदास सुमारें ६० कोटी टन हायड्रोजनचें असें रूपांतर होतें व त्यांतील ४० लाख टनांहून अधिक द्रव्य ऊर्जेच्या रूपानें बाहेर पडतें. हेलियम हें नांवही सूर्याच्या ग्रीक नांवावरूनच पडलें आहे. १८६८ सालच्या १८ ऑगस्टचें खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठीं जान्सेन हा फ्रेंच ज्योतिषी आपल्या देशांत गुंटूर येथें येऊन राहिला होता. त्याच वर्षीं सूर्याच्या वर्णपटांतील एका अनोळखी पिवळ्या रेषेवरून इंग्लंडांत लॉकियर यानें या मूलद्रव्याची कल्पना केली; पृथ्वीवर तें सांपडावयास १८९५ साल उजाडलें. शेजाऱ्याचें नांव आधीं कळावें आणि मग तो आपल्याच माजघरांत बसलेला आढळावा, तसा हा प्रकार झाला.

सूर्याचें वय आज सुमारें ४५७ कोटी वर्षें आहे, आणि केंद्रांतील हायड्रोजन आणखी सुमारें ५०० कोटी वर्षें पुरेल. एवढा काळ तो स्थिर कसा राहतो? त्याचें स्वतःचें गुरुत्वाकर्षण सर्व द्रव्यास आंत ओढीत असतें आणि केंद्रांतील तप्त वायूचा दाब तें बाहेर ढकलीत असतो. हे दोन मल्ल समबल असेपर्यंत कुस्ती निकालीं निघत नाहीं. परंतु यांत एक सूक्ष्म गोम आहे. वायूचा दाब त्यांतील कणांच्या संख्येवरही अवलंबून असतो. चार हायड्रोजनांच्या जागीं एक हेलियम आला म्हणजे भार वाहणारे कण कमी झाले. ज्या घराचा संसार चार भाऊ ओढीत होते तेथें एकच कर्ता उरला, तर त्यास चौघांची धडपड करावी लागते. तसेंच येथें होतें. केंद्र थोडें आकुंचन पावतें, अधिक तापतें, आणि पूर्वीपेक्षां जोरानें जळूं लागतें. म्हणून सूर्य म्हातारा होतां होतां मंदावत नाहीं, उलट अधिकाधिक प्रखर होत जातो. जन्माच्या वेळीं त्याचें तेज आजच्या सुमारें शेंकडा ७० होतें. दर ११० कोटी वर्षांस तें अदमासें शेंकडा १० नें वाढतें.

हें वाचून मी पुस्तक मिटून कांहीं वेळ तसाच बसून राहिलों. कारण पुढचा हिशेब सरळ आहे. सुमारें १०० कोटी वर्षांत पृथ्वीवरील उष्मा इतका वाढेल कीं समुद्रांची वाफ होऊं लागेल. वाफ स्वतःच उष्णता कोंडून ठेवणारी असल्यामुळें एकदां हें चक्र सुरू झालें म्हणजे थांबावयाचें नाहीं; नद्या, अरण्यें, शेतें हीं सर्व त्यांत जातील. त्या वेळीं सूर्य पूर्ण तारुण्यांत असेल, आणि त्याचा मृत्यु शेंकडों कोटी वर्षें दूर असेल. पृथ्वीवर जीवसृष्टि होऊन निदान ३५० कोटी वर्षें लोटलीं आहेत. म्हणजे तिच्या एकंदर आयुष्याचा सुमारें तीनचतुर्थांश भाग संपून गेला आहे. ज्या पित्याच्या जिवावर घर उभें आहे त्याच्याच वाढत्या वैभवानें घर जळावें, असा हा योग आहे.

बंधूंना मीं हें सांगितलें तेव्हां ते विजयी मुद्रेनें म्हणाले, "मग बारा सूर्य तपतील म्हणतात तें दुसरें काय?" शिवाय ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि सूर्याचें वय ४५७ कोटी, हेंही त्यांनीं कोठेंसें वाचलें होतें. आंकडे जवळ आले कीं टाळी वाजवावी, असा मोह विद्वानांनाही होतो. परंतु पुराणांत कोठें सात सूर्य आहेत तर कोठें बारा. आणि आपण ज्या संकल्पांत श्वेतवाराहकल्प व वैवस्वत मन्वंतर उच्चारतों, त्याच्याच हिशेबानें चालू कल्पाचीं सुमारें १९७ कोटी वर्षें झालीं. पृथ्वीचें वय मात्र सुमारें ४५४ कोटी निघालें आहे. तेव्हां मेळ कोठेंच बसत नाहीं. आपल्या पूर्वजांचें थोरपण मला वेगळ्याच ठिकाणीं दिसतें. १६५० सालीं आयर्लंडांतील आर्चबिशप अशर यानें जगाची उत्पत्ति ख्रिस्तपूर्व ४००४ या सालीं झाल्याचें गणित मांडलें. ज्या काळीं तिकडे जगाचें वय सहा हजार वर्षें धरीत होते, त्याच्या कितीतरी आधीं आपले लोक कोटींच्या भाषेंत काळाचा विचार करीत होते. ही मोठी गोष्ट आहे, परंतु दुर्बिणीनें शोधलेली गोष्ट त्यांच्या पदरांत बांधणें म्हणजे त्यांचा सन्मान नव्हे. बंधूंना हें पटलें नाहीं. असो.

आतां खुद्द सूर्याकडे वळूं. केंद्रांतील हायड्रोजन संपल्यावर तेथें हेलियमचा निष्क्रिय गोळा राहतो. तो आकसत जातो, त्याच्या भोंवतालच्या कवचांतील हायड्रोजन भयंकर वेगानें पेट घेतो, आणि त्या आंचेनें सूर्याचे बाहेरचे थर फुगूं लागतात. अंगणांतल्या बोळक्याच्या तळाशीं आंच वाढतांच वरचें दूध फुगून कांठाबाहेर येतें, तें या ठिकाणीं डोळ्यांपुढें आणावें. दृष्टांत स्थूल आहे, परंतु मुलीस तो तात्काळ समजला. फुगलेला पृष्ठभाग पसरल्यामुळें थंड होतो व तांबूस दिसूं लागतो. अशा ताऱ्यांना तांबडे राक्षसी तारे म्हणतात.

हे राक्षस पाहण्यास दुर्बिणीची गरज नाहीं. रथसप्तमीच्या सुमारास रात्रीं डोक्यावरून पश्चिमेकडे झुकणारी नारिंगी रोहिणी पाहावी. तिचें द्रव्य सूर्याहून किंचित् अधिक, परंतु व्यास सूर्याच्या सुमारें ४५ पट. त्याहूनही मला स्वाती अधिक जवळची वाटते. तिचें द्रव्य जवळजवळ सूर्याएवढेंच आहे. ती वयानें सूर्याहून वडील आहे. तिचा व्यास सूर्याच्या २५ पट झाला आहे. ३७ प्रकाशवर्षांवर आकाशांत ठेवलेला तो आपल्या सूर्याच्या म्हातारपणाचा आरसाच होय. माघांत पहाटे पांचच्या सुमारास ती महाराष्ट्रांतून पाहणाऱ्याच्या जवळजवळ बरोबर माथ्यावर येते. ज्यांच्या घरीं पहाटे उठण्याचा प्रघात अद्यापि आहे, त्यांनीं एकदां अंगणांत उभें राहून मान वर करावी.

सूर्य रोहिणीएवढा होऊन थांबणार नाहीं. २००८ सालीं श्रोडर व स्मिथ या दोघां ज्योतिर्विदांनीं केलेल्या गणिताप्रमाणें आजपासून सुमारें ७५९ कोटी वर्षांनीं त्याची त्रिज्या आजच्या २५६ पट होईल. पृथ्वी सूर्यापासून त्याच्या आजच्या सुमारें २१५ त्रिज्यांवर आहे, म्हणजे हिशेब उघड आहे. बुध आणि शुक्र यांच्याविषयीं कोणासही शंका नाहीं. ते गिळले जातील. पृथ्वीविषयीं मात्र वाद होता, कारण फुगतांना सूर्य आपलें बरेंच द्रव्य गमावतो, त्याची ओढ कमी होते, आणि पृथ्वीची कक्षा रुंदावते. ती निसटेल असें पुष्कळांना वाटत होतें. परंतु सूर्याच्या विरळ थरांतून जातांना होणारा अडथळा आणि भरती-ओहोटीची ओढ हीं जमेस धरल्यास ती निसटत नाहीं, असा वरील दोघांचा निष्कर्ष आहे. अर्थात् तोंवर ती एक तापलेला खडक झालेली असेल.

यानंतर केंद्रांतील उष्णतामान १० कोटी अंशांवर जाऊन हेलियमही पेट घेतो. त्याचा कार्बन व ऑक्सिजन होतो. सूर्य पुनः आकसतो, कांहीं काळ, म्हणजे सुमारें १० कोटी वर्षें, शांत राहतो, आणि मग दुसऱ्यांदां फुगतो. विझतांना दिव्याची ज्योत मोठी होते तसेंच कांहींसें.

ही दुसरी फुगवटी कशी असते याचा नमुना तिमिंगल तारकापुंजांत आहे. त्याचें नांव मीरा. आपल्या मीराबाईशीं त्याचा संबंध नाहीं. तो आश्चर्य या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. १५९६ सालीं फाब्रिसियस यास हा तारा प्रथम दिसला व पुढें नाहींसा झाला. सुमारें ११ महिन्यांच्या आवर्तनानें तो उजळतो आणि दिसेनासा होतो, जणुं दमेकऱ्याचा भाता. प्रत्येक श्वासासरशीं तो आपलें द्रव्य बाहेर टाकीत असतो. २००७ सालीं अतिनील किरणांनीं काढलेल्या चित्रांत त्याच्या मागें १३ प्रकाशवर्षें लांबीचें पुच्छ आढळलें. गेल्या ३०,००० वर्षांत त्यानें टाकलेलें तें द्रव्य होय. अशा वृद्ध ताऱ्यांच्या पोटांत नवीं मूलद्रव्येंही घडत असतात. १९५२ सालीं मेरिल यास अशा कांहीं ताऱ्यांत टेक्नेशियम आढळलें. या द्रव्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारही सुमारें ४२ लाख वर्षांत निम्मा होतो, म्हणजे जन्मापासून तें ताऱ्यांत साठलेलें असणें शक्य नाहीं. तें तेथेंच नुकतें घडलें. आपल्या शरीरांतील कार्बनचा मोठा भाग अशाच म्हाताऱ्या सूर्यांनीं उधळलेला आहे.

शेवटीं बाहेरचे थर पुरते सुटून दूर जातात आणि आंतील उघडा पडलेला प्रखर गाभा त्यांस उजळतो. पहाटे ईशान्येस चमकणाऱ्या अभिजिताजवळ स्वरमंडल पुंजांत असें एक कंकण आहे. लहान दुर्बिणींतूनही तें धुराच्या कड्यासारखें दिसतें. अशा आकृतींस बिंबाभ्रिका म्हणतात. विल्यम हर्शेल यास तीं ग्रहांच्या बिंबांसारखीं वाटलीं म्हणून हें नांव पडलें. ग्रहांशीं त्यांचा कांहींच संबंध नाहीं. चुकीचें नांव एकदां रूढ झालें कीं शास्त्रज्ञांनाही तें काढतां येत नाहीं, हें पाहून व्याकरण शिकविणाऱ्यास थोडें समाधान वाटतें. हें कंकण दहावीस हजार वर्षांत विरून जातें. ताऱ्याच्या आयुष्याच्या मानानें हा चितेच्या धुराइतकाच अवधि.

आणि मागें काय राहतें? श्वेतबटु. हा शब्द ज्यानें मराठींत आणला त्यास माझा नमस्कार. बटु म्हटला कीं लंगोटी नेसलेला, दंड हातीं घेतलेला मुंजा डोळ्यांपुढें येतो. हा बटु मात्र अतिवृद्ध आहे. आकारानें लहान, म्हणजे पृथ्वीएवढा, पण वजन ताऱ्याचें. सूर्याचा बटु होईल तेव्हां त्यांत सूर्याचें निम्म्याहून थोडें अधिक द्रव्य उरलेलें असेल.

आपल्या आकाशांतील सर्वांत तेजस्वी तारा जो व्याध, त्याच्या शेजारींच असा एक बटु राहतो. व्याध सरळ न जातां किंचित् डुलत जातो हें बेसेल यानें १८४४ सालीं दाखविलें, आणि त्यावरून त्यास एक अदृश्य सोबती असला पाहिजे असें अनुमान केलें. १८६२ च्या ३१ जानेवारीस अमेरिकेंत क्लार्क नांवाचा भिंगें घासणारा एक कारागीर नव्या भिंगाची परीक्षा घेत असतां तो सोबती त्यास अकस्मात् दिसला. १९१५ सालीं त्याचा वर्णपट मिळाला तेव्हां सर्व चकित झाले, कारण हा मंद तारा थंड नव्हे तर पांढराशुभ्र तप्त निघाला. मंद असण्याचें कारण एकच. तो अतिशय लहान आहे. द्रव्य सूर्याएवढें, व्यास पृथ्वीहूनही किंचित् कमी. संध्येच्या पळीभर त्याचें द्रव्य घेतलें तर वजन भरेल दहाबारा टन. मूळ तारा सूर्याच्या सुमारें पांचपट वजनदार होता; बाकीचें द्रव्य त्यानें उधळून टाकलें.

इतकें दाटलेलें द्रव्य आणखी का चेंगरत नाहीं, याचें उत्तर १९२६ सालीं फाउलर यानें दिलें. त्यांतील इलेक्ट्रॉन एकाच जागीं एकाच गतीनें दाटीवाटीनें राहूं शकत नाहींत. त्यांच्या या नकाराचा दाब बटूस सांवरून धरतो. पुढची पायरी चढला तो आपला सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. १९३० च्या ३१ जुलैस मुंबई बंदरांतून तो उच्च शिक्षणासाठीं इंग्लंडास निघाला, तेव्हां त्यास विसावें वर्ष चालूं होतें. बोटीवर रिकाम्या वेळांत त्यानें फाउलरच्या विचाराला सापेक्षतावादाची जोड दिली, आणि असें निघालें कीं हा दाब अमुक एका वजनापर्यंतच पुरतो. ती मर्यादा सूर्याच्या सुमारें १.४ पट आहे. मागें उरलेला गाभा त्याहून जड असेल तर त्यास बटु होऊन शांतपणें निजतां येत नाहीं, तो कोसळतो.

१९३५ च्या ११ जानेवारीस लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटींत चंद्रशेखरानें हें मांडलें. लगेच त्या काळचा अग्रगण्य पंडित एडिंग्टन उठला आणि त्यानें भर सभेंत या तर्काची थट्टा केली. मीं चाळीस वर्षें वर्ग घेतला आहे. हुशार मुलाचें बरोबर उत्तर शिक्षकाच्या अहंकारानें कसें चूक ठरतें हें मला ठाऊक आहे, आणि माझ्या हातूनही तें घडलें आहे. चंद्रशेखरांनीं वाद वाढविला नाहीं. ते अमेरिकेंत शिकागो विद्यापीठांत गेले व दुसऱ्या विषयाला लागले. १९८३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु मला त्याहून मोठी वाटते ती आदल्या वर्षींची गोष्ट. एडिंग्टनच्या जन्मशताब्दीनिमित्त केंब्रिजला बोलावलें असतां त्यांनीं त्याच एडिंग्टनचा आपल्या काळचा सर्वश्रेष्ठ ज्योतिर्भौतिकवेत्ता म्हणून गौरव केला.

ही मर्यादाच बंधूंच्या स्फोटाचें उत्तर आहे. मृगांतील काक्षी हा तारा सूर्याच्या कितीतरी पट जड आहे. तो खरोखरच एक दिवस फुटेल. २०१९-२० च्या हिंवाळ्यांत तो मंदावला तेव्हां वर्तमानपत्रांनीं स्फोटाची हूल उठविली होती. वस्तुतः त्यानेंच टाकलेल्या धुळीचा तो पडदा होता. सूर्य त्या कुळांतला नाहीं. त्याचा गाभा मर्यादेच्या पुष्कळ आंत राहील. मग त्या बटूंत नवें इंधन जळत नाहीं. सांठलेली ऊब अब्जावधि वर्षें तो हळूहळू गमावतो, आंतील कार्बन-ऑक्सिजन गोठून स्फटिक बनतात, आणि तो निवत जातो. पूर्ण निवून काळा पडलेला एकही बटु आज विश्वांत नाहीं, कारण विश्वाचें वय १३८० कोटी वर्षेंच आहे आणि तेवढा काळ निवण्यास पुरत नाहीं.

इतकें वाचून झाल्यावर एका रात्रीं जेवणें उरकून मी नातीला घेऊन गच्चीवर गेलों. तिला आधीं रोहिणी दाखविली, मग काक्षी, आणि मग व्याध. "आणि तो म्हातारा बटु कुठें आहे, आजोबा?" तिनें विचारलें. मीं सांगितलें कीं नुसत्या डोळ्यांनीं तो दिसत नाहीं, व्याधाच्या झगझगाटांत लपतो. परंतु ते दोघे ५० वर्षांत एकमेकांभोंवतीं एक फेरी करतात, १९९४ सालीं ते अगदीं जवळ होते, आणि सध्यां त्यांच्यांतलें अंतर सर्वांत अधिक आहे. चांगली मोठी दुर्बीण मिळाली तर हींच वर्षें त्यास पाहण्याचीं. एकदां हीं गेलीं कीं पुनः अशी सोय पन्नास वर्षांनीं.

तिनें बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तेव्हां मी तुमच्याएवढी होईन," ती म्हणाली, आणि खालीं जाऊन बाबांना मोठी दुर्बीण कोठें मिळते तें विचारूं लागली.